विसावलेल्या जमिनीचे मोल

14 एप्रिल 1935. अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशात धुळीच्या वादळाने दिवसाउजेडी काळोख केला. गवत उपटून नांगरलेली, दुष्काळाने भाजलेली माती वाऱ्यावर उडाली होती. कोलोरॅडोतील बाका काउंटीने त्या दशकाची झळ पुरेपूर सोसली.

तो धडा लक्षात ठेवूनच 1985च्या कृषी कायद्याने ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ आणला. धूप होणारी जमीन 10 ते 15 वर्षे पिकाखालून काढायची, तिथे गवत किंवा झाडे लावायची आणि त्याबदल्यात सरकारकडून दरवर्षी भाडे घ्यायचे, असा हा करार. त्यामुळे माती थांबली, पाखरे परतली.

पण शेत विसावले की गावातला खत-बियाण्यांचा दुकानदार, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, खंडाने कसणारा यांचे काम घटते. भाडे मात्र दूर शहरात राहणाऱ्या मालकालाही मिळते. म्हणूनच एका काउंटीतील साधारण 25 टक्क्यांहून अधिक लागवडीची जमीन योजनेत घेऊ नये, अशी मर्यादा आहे. दुसरा धोका बाजाराचा. 2007मध्ये योजनेत सुमारे 3 कोटी 68 लाख एकर जमीन होती; धान्याचे भाव चढले, करार संपले आणि लाखो एकर पुन्हा नांगराखाली गेले.

माती राखणे ही समाजाची सेवा आहे आणि तिचा मोबदला द्यायलाच हवा. मात्र त्यात कसणाऱ्याचाही वाटा हवा आणि राखलेले गवत करारानंतरही टिकायला हवे. उडून गेलेली माती कुठल्याही अनुदानाने परत येत नाही.