पडद्यावरचा तरंग खरा किती?

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तरंगाची सुबक आकृती दिसली, की आपण लगेच तिचे माप वहीत उतरवतो. माझ्या मते ही घाई बरी नव्हे.

ब्राउन यांनी १८९७ साली तयार केलेल्या नलिकेत विद्युत्प्रवाहाबरोबर हलणारा किरणांचा झोतच पडद्यावर दिसे. आजचा डिजिटल ऑसिलोस्कोप ठरावीक काळाने विभवांतराचे नमुने घेतो, त्यांवर गणित करतो आणि मग चित्र काढतो. गणित कोणते, हे आपण केलेल्या जुळणीवर अवलंबून असते.

समजा, १००० हर्ट्झच्या तरंगाचे सेकंदाला ११०० नमुने घेतले. पडद्यावर चक्क १०० हर्ट्झचा खोटा तरंग दिसेल! नमुने वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवेतच. आकृती नीट हवी असेल, तर निदान दसपट. टाइम बेस संथ केला, की स्मृती पुरावी म्हणून अनेक यंत्रे नमुने विरळ करतात, हेही ध्यानात ठेवा.

सरासरीचेही असेच आहे. ६४ फेऱ्यांच्या सरासरीने अनियमित गोंगाट एक-अष्टमांश होतो. पण त्यांत एकदाच आलेला स्पंद चौसष्टावा भाग उरतो, म्हणजे दिसेनासाच होतो. कदाचित मंडलातला दोष तोच असेल!

म्हणून आधी सरासरी बंद ठेवून पाहा. टाइम बेस बदलून पाहा. मोजलेली वारंवारता बदलली, तर संशय घ्या. मापाशेजारी नमुन्यांचा वेग व फेऱ्यांची संख्या लिहा. शिक्षकांनीही या नोंदीला गुण द्यावेत. जुळणी न लिहिता दिलेले माप हे एकक न लिहिलेल्या लांबीइतकेच अपुरे आहे.