जगात कुठेही घर आहे का?

"तुमच्या नावावर जगात कुठेही घर आहे का? किंवा पूर्वी कधी होतं का?"

इंग्लंडात घर घेताना सॉलिसिटर जो लांबलचक फॉर्म पाठवतो, त्यातला हा एक साधासुधा प्रश्न. आपल्यातले बहुतेक जण तो फॉर्म रात्री साडेदहाला, मुलं झोपल्यावर, एक डोळा टीव्हीवर ठेवून भरतात. माझ्या भाच्यानेही तसाच भरला. फरक इतकाच की त्याने खरं उत्तर लिहिलं, आणि त्या एका ओळीची किंमत २८,७५० पौंड निघाली.

हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पुण्यात इंजिनियरिंग, मग इथे मास्टर्स, मग नोकरी. म्हणजे वीसएक वर्षांपूर्वी मामाने मळलेलीच वाट. लग्न झालं, दोघांनी भाड्याच्या एका खोलीत राहून पैसे साठवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्लाऊला ४,७५,००० पौंडांचं तीन बेडरूमचं टेरेस घर पसंत केलं. दहा टक्के डिपॉझिट म्हणजे ४७,५०० पौंड जमले होते. पहिलंच घर, त्यामुळे स्टँप ड्यूटीत सवलत. ३१ मार्चच्या आत व्यवहार पुरा झाला तर कर २,५०० पौंड, त्यानंतर झाला तर ८,७५०, असा त्याचा हिशेब. मुदत गाठायला जिवाचं रान केलं. पण खरेदी-विक्रीच्या साखळीत चार घरं. त्यातल्या एकाचं कर्ज अडकलं आणि ३१ मार्च निघून गेला. "मामा, सव्वासहा हजारांचा फटका, दुसरं काय," असं म्हणून त्याने तेही पचवलं.

एप्रिलमध्ये सॉलिसिटरच्या ऑफिसातून फोन आला. फॉर्ममध्ये कोथरूडचा फ्लॅट लिहिलाय, तो कोणाचा?

तर तो फ्लॅट असा. भाऊजींनी २०१४ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतला आणि कागद केला मुलाच्या नावावर. मुलगा तेव्हा कॉलेजात, एकोणीस वर्षांचा. "आज ना उद्या त्याचंच आहे, मग पुन्हा खर्च कशाला?" हे त्यामागचं तर्कशास्त्र. आपल्यापैकी किती जणांच्या घरी हे वाक्य बोललं गेलंय, हात वर करा. त्या घरात ताई आणि भाऊजी राहतात. भाच्याने त्याचं एक पैसा भाडं पाहिलेलं नाही. गेल्या अकरा वर्षांत तिथे तो पाहुणा म्हणूनच जास्त राहिला असेल.

पण इथला कायदा असं सांगतो. एक, ज्याच्या मालकीचं जगात कुठेही, कधीही घर होतं, तो पहिल्यांदा घर घेणारा नव्हे. म्हणून सवलत गेली आणि कर ८,७५० चा १३,७५० झाला. दोन, ज्याच्या नावावर आज जगात कुठेही ४०,००० पौंडांहून अधिक किमतीचं घर आहे, त्याचं इथलं घर हे 'जादा घर'. त्यावर संपूर्ण किमतीच्या पाच टक्के अधिभार, म्हणजे आणखी २३,७५०. बेरीज ३७,५००. डिपॉझिटसाठी पोटाला चिमटा काढून साठवलेल्या रकमेच्या जवळजवळ चार पंचमांश. आणि हा कर काही पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडता येत नाही. घर ताब्यात आल्यापासून चौदा दिवसांत रोख भरायचा.

हा अधिभार एप्रिल २०१६ मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न यांनी आणला, तेव्हा तो तीन टक्के होता. रेचल रीव्हज यांनी ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात तो पाच केला, आणि तोही दुसऱ्या दिवसापासून. हेतू काय सांगितला होता? भाड्याने देण्यासाठी एकावर एक घरं घेणाऱ्यांना आवर घालायचा आणि पहिलं घर घेणाऱ्या तरुणांना वाट करून द्यायची. हेतूवर माझा आक्षेप नाही. असता कामाही नये, कारण मार्च २०१६ मध्ये तो अधिभार लागू होण्याआधी घर पदरात पाडून घ्यायला जी झुंबड उडाली होती, त्यात मीही होतो. मिडलंड्समधलं ते छोटं घर आजही मी भाड्याने देतो. म्हणजे पाहा, ज्याला आवर घालायचा होता तो मामा मुदत गाठून सुटला, आणि ज्याला वाट करून द्यायची होती तो भाचा नऊ वर्षांनी जाळ्यात सापडला!

या कराचा मला राग येतो तो केवळ भाच्यामुळे नाही. मी २००७ साली इथे पहिलं घर घेतलं तेव्हा पद्धत आणखी विचित्र होती. अडीच लाखांपर्यंत घराच्या पूर्ण किमतीवर एक टक्का आणि अडीच लाखांवर एक पौंड गेला की पूर्ण किमतीवर तीन टक्के. एका पौंडासाठी पाच हजारांचा दणका. त्यामुळे एजंटांच्या खिडक्यांत २,४९,९५० ची पाटी लावलेली घरं रांगेने दिसत. मीही तसलंच एक घेतलं आणि मालकीणबाईंना पडदे, कार्पेट आणि एका खडखडणाऱ्या वॉशिंग मशीनचे वेगळे पैसे दिले. ते मशीन तीन महिन्यांत बंद पडलं. असो. डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्बोर्न यांनीच ही पद्धत मोडली आणि आयकरासारखे टप्पे आणले, ते चांगलंच केलं. पण पहिलं घर घेणाऱ्यांसाठी तोच कडा पुन्हा उभा आहे. घर ५,००,००० ला घेतलं तर कर १०,०००. त्यावर एक पौंड दिला की सवलत संपूर्ण रद्द आणि कर १५,०००. एका पौंडाचे पुन्हा पाच हजार. लंडनच्या आसपास दोन पगारांच्या जोडप्याला लागणारं घर नेमकं त्याच कड्यावर उभं असतं.

आणि या करात सारखी होणारी ढवळाढवळ. जुलै २०२० मध्ये ऋषी सुनक यांनी पाच लाखांपर्यंत करमाफी दिली, ती जून २०२१ पर्यंत. मग सप्टेंबरपर्यंत अडीच लाख. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये क्वासी क्वार्टेंग यांनी करमुक्त मर्यादा पुन्हा अडीच लाख केली. त्यांचं बाकीचं बहुतेक बजेट वाहून गेलं, ही सवलत तगली, पण ३१ मार्च २०२५ पर्यंतच. त्यानंतर पुन्हा सव्वा लाख. सव्वा लाखाची मर्यादा मुळात २००६ सालची! तेव्हाच्या आणि आजच्या किमतींची तुलना मी वेगळी करायला नको.

प्रत्येक सुट्टीच्या वेळी होतं काय? ग्राहकाचे दहा हजार वाचणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो किंमत वाढवतो. मुदत जवळ आली की सॉलिसिटर, सर्व्हेयर, बँका सगळीकडे गर्दी. ज्याची साखळी तुटते तो वाढलेली किंमतही देतो आणि करही देतो. महाराष्ट्रातही २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढच्या मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं होतं. तेव्हा निबंधक कचेऱ्यांपुढे लागलेल्या रांगा पुण्या-मुंबईच्या मंडळींना आठवत असतील. शेवटी हे मुद्रांक प्रकरण आपल्याला शिकवलं कोणी? इंग्लंडात १६९४ साली फ्रान्सशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी हा कर बसला, आणि साहेबाने जाण्याआधी १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा मागे ठेवला. लढाई कधीच संपली, कर मात्र दोन्हीकडे सुरू आहे.

घर बदलण्यावर कर लावला की माणसं घर बदलत नाहीत, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्याच गल्लीत एक आजीबाई चार बेडरूमच्या घरात एकट्या राहतात, जिने चढवत नाहीत. लहान घर घ्यायचं तर पुन्हा दहा-पंधरा हजार कर, म्हणून थांबल्यात. पलीकडे तीन मुलांचं कुटुंब दोन खोल्यांत दाटीवाटीने राहतं, तेही थांबलंय. इथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या पुढाकाराने झालेल्या मिर्लीस समितीने २०११ सालीच हा कर काढून टाकावा असं स्पष्ट लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विरोधी पक्षात बसलेल्या केमी बेडनॉक यांनी राहत्या घरावरची स्टँप ड्यूटी काढण्याचं आश्वासन दिलं. चौदा वर्षं सत्तेत असताना हे त्यांच्या पक्षाला सुचलं नाही, हे सोडून देऊ.

हे सगळं मी आपल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात मसाला दूध पिता पिता बोललो तर दोन प्रकारचे सल्ले मिळाले.

पहिला सल्ला: "लिहायचंच कशाला? कोथरूडला कोण बघायला येतंय?" मंडळी, हे म्हणणारे आपल्यातलेच सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यावरचे लोक आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. जाणूनबुजून खोटं विवरण दिलं तर कर खात्याला वीस वर्षं मागे जाता येतं. पण पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवू. ज्या देशात आपण मुलांना शाळेत घालतो, ज्याच्या दवाखान्यात आपले आईवडील दाखल होतात, त्याला खोटं लिहून द्यायचं आणि वर गणपतीपुढे सुखकर्ता दुःखहर्ता म्हणायचं, हे मला जमणार नाही. भाच्यालाही जमलं नाही, याचा मला अभिमान आहे.

दुसरा सल्ला आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा. "दोन देशांत घरं असणाऱ्यांनी रडू नये. भरा कर, दवाखाने त्याच्यावरच चालतात." या युक्तिवादात दम आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. ज्याने पुण्यात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला, कुलूप लावून ठेवला किंवा भाड्याने दिला, त्याने पाच टक्के भरावेत. मीसुद्धा भरावेत. पण भाच्याच्या बाबतीत दुसरं घर आहे कुठे? ते त्याच्या आईवडिलांचं राहतं घर आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या आईवडिलांना सरकार सांभाळत नाही, मुलगा सांभाळतो. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर मुलाच्या नावावर असणं हा आपल्याकडचा विमा आहे, श्रीमंती नव्हे. कायद्याला हे अगदीच कळत नाही असंही नाही. वारशाने निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा आला असेल तर पहिली तीन वर्षं तो अधिभारासाठी धरत नाहीत. म्हणजे वडील गेल्यावर मिळालेल्या वाट्याला थोडी सूट, वडील जिवंत असून त्यात राहतायत त्या घराला नाही!

शेवटी भाच्याने काय केलं? फ्लॅट बक्षीसपत्राने भाऊजींना परत दिला. इथेही एक गंमत आहे. महाराष्ट्रात वडिलांनी राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. मुलाने तेच वडिलांना परत दिलं तर बाजारमूल्याच्या तीन टक्के आणि वर स्थानिक अधिभार. फ्लॅटचं मूल्य सव्वा कोटी धरलं गेलं, म्हणजे पावणेचार लाख रुपये नुसते मुद्रांकाचे. ताईच्या नावे मुखत्यारपत्र, त्याचं लंडनमध्ये साक्षांकन, कुरियर, पुण्यात नोंदणी, यात आठ आठवडे गेले. स्लाऊची मालकीणबाई भली म्हणून थांबली. हे सगळं इथल्या घराचा व्यवहार पुरा होण्याआधीच व्हावं लागतं, नंतर करून उपयोग नाही. अधिभार टळला. पहिल्या घराची सवलत मात्र कायमची गेली, कारण तो एकदा मालक होता तो होता. सुनेच्या नावावर कधी काहीच नव्हतं, तिने एकटीने घेतलं असतं तर सवलत मिळाली असती. पण तिच्या एकटीच्या पगारावर बँक तेवढं कर्ज देईना. भरले १३,७५०. जूनमध्ये दोघं राहायला गेले. सोफा अजून आलेला नाही, आम्ही गेलो की गादीवर बसतो.

भाऊजींनी फोनवर मला एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळेच झालं का रे हे?" मी नाही म्हटलं. काय म्हणणार?

ज्यांची मुलं इथे विशी-पंचविशीत आहेत, त्यांनी गावचा वाडा, ठाण्याचा फ्लॅट, आजोबांनी प्रेमाने घातलेलं नाव, हे सगळे कागद या दिवाळीत एकदा काढून बघावेत. हिस्सा छोटा असला तरी बघावा, कारण पहिल्या घराच्या सवलतीला ४०,००० पौंडांचीही मोकळीक नाही.

आणि मी खासदारांना पत्र लिहिलं आहे. मागणी एकच: परदेशातल्या ज्या घरात खरेदीदाराचे आईवडील स्वतः राहतात, ते या दोन्ही नियमांतून वगळावं. पत्र इंग्रजीत आहे, दीड पानाचं. गणपतीच्या महाप्रसादाच्या वेळी हॉलच्या मागच्या टेबलावर, चपलांच्या बाजूला ठेवणार आहे. आपापल्या खासदाराचं नाव घालून पाठवा. पहिला सल्ला देणाऱ्यांनीही सही केली तर चालेल.