आधी चीक निथळू द्या

परवा भाकरी करताना तव्याची कड मनगटाला लागली. नळाच्या धारेखाली हात बराच वेळ धरला आणि मग कुंडीतल्या कोरफडीचं एक पान कापलं. कापल्या जागेतून आधी पिवळा, कडवट वासाचा चीक आला. आमची आजी असं पान वाटीत उभं करून ठेवायची. पिवळं सगळं निथळलं की पान धुऊन, साल सोलून गर घ्यायची. हल्ली लोक पान सालीसकट मिक्सरमध्ये घालतात आणि उपाशीपोटी पितात, म्हणून आजीची ती रीत आज लिहावीशी वाटली.

एका पानात दोन वेगळी औषधं आहेत. गर जवळजवळ सगळा पाणीच. उरलेल्या अंशात ॲसिमॅनन ही शर्करेची लांब साखळी असते, शिवाय सूज आणि ठणका आणणारं ब्रॅडिकायनिन तोडणारं विकर. सालीलगतच्या चिकात असतं ॲलोइन. हाच चीक आटवून केलेला काळा बोळ मुका मारावर उगाळून लावतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ॲलोइनही दाह कमी करतं. पण पोटात गेलं की तेच मोठ्या आतड्याला डिवचतं आणि जुलाब होतात. अमेरिकेने २००२ साली कोरफडीची रेचकं बिनचिठ्ठीच्या औषधांतून काढून टाकली. चीक न काढलेल्या सबंध पानाचा अर्क पाजलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्या अर्काला संशयितांच्या यादीत घातलं. म्हणून कोरफडीच्या रसाच्या बाटलीवर नुसतं ‘दाहशामक’ लिहिलेलं मला पुरत नाही. कशाचा रस, आणि कुठल्या दाहावर?

गराच्या बाजूने बोलणारा एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. २००४ साली ब्रिटनमध्ये आतड्याला व्रण पडणाऱ्या कोलायटिसच्या ४४ रुग्णांवर तो झाला. चार आठवडे गर घेतलेल्या ३० जणांपैकी ९ जणांची लक्षणं शमली. नकली औषध घेतलेल्या १४ जणांपैकी एकाचीच. मात्र दुर्बिणीतून आतडं पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. एवढ्यावर कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत.

किरकोळ भाजल्यावर, उन्हाने कातडी लाल झाल्यावर गर जरूर लावा. पिण्याचा रस घेताना तो सोललेल्या गराचा की सबंध पानाचा, हे लेबलवर वाचा. लिहिलेलं नसेल तर बाटली परत ठेवा. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिला तो रस देऊच नका.