मावशी घरी कशी जाते?

हवा चांगली, पाणी चांगलं, भाजी ताजी, गर्दी कमी. उतारवयासाठी गाव सुचवणारे लोक एवढ्यावर थांबतात आणि हिंडत्या-फिरत्या पासष्टीच्या माणसाला ते पुरतंही. या सदराकडे येणारी पत्रं मात्र आताशा वेगळी असतात. आई ब्याऐंशीची, गुडघे गेलेले, आंघोळीला माणूस लागतो. मुलगा बंगळुरूला, मुलगी ठाण्यात वन-आरकेमध्ये. आईला ठेवायला तळेगाव बरं, वाई बरी की सरळ दापोली? आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठबस यांतल्या दोन-तीन गोष्टींना ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्यासाठी गाव जोखायचं झालं तर मी आधी एकच गोष्ट बघायला सांगेन. तिथे काम करणारी मावशी रात्री आठला पाळी संपल्यावर घरी कशी जाते?

तळेगाव दाभाड्याचंच बघा. गाव आणि स्टेशन असे त्याचे दोन भाग, आणि ज्येष्ठांसाठीच्या वसाहती व वृद्धाश्रम दोन्हीकडे आणि पार सोमाटण्यापर्यंत पसरलेले. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका ठिकाणी मी संध्याकाळी फाटकाशी उभा होतो. आठला दहा कमी असताना रात्रपाळीच्या बायका आत शिरल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि घरात घालायच्या चपला. दिवसपाळीच्या बाहेर पडल्या, पण लगेच नाही. एकीने दुसरीला जिन्यापाशी थांबवून सांगितलं, 'तीन नंबरच्या आजींनी दुपारचं औषध थुंकलंय, डॉक्टरांना फोन केलाय, रात्री पाणी थोडं थोडं द्या.' जेमतेम मिनिटभराचं बोलणं, पण कुठल्याही माहितीपुस्तकात न छापलेली सेवा ती हीच. मग त्या वडगाव, कान्हे, कामशेतकडच्या लोकलला गेल्या.

आता हीच इमारत गावाबाहेर, डोंगराच्या कुशीत, मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे असं समजा. छायाचित्रं छान येतात. सकाळी मोर दिसतो, त्याचेही वेगळे पैसे लावलेले असतात. पण मावशीला शेवटची सिक्स-सीटर साडेसातची. म्हणजे ती सव्वासातलाच निघणार. रात्रीची बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर येईल तेव्हा येणार, आणि मधला पाऊण तास मजल्यावर कुणीच नाही. आजी पडतात त्या नेमक्या या वेळेला. आजोबांना संडासला जायचं असतं, हाक मारून कुणी येत नाही, मग ते स्वतःच उठतात. शिवाय अशा आडजागी बाई टिकत नाही. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा आला की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने आंघोळीला पुन्हा परक्या बाईपुढे कपडे काढायचे. आजी चावतात, ओरबाडतात अशा तक्रारी संस्थाचालक सांगतात, तेव्हा मी आधी विचारतो, महिन्यात बायका किती बदलल्या?

दापोलीचा मोह मला कळतो. पण कोकणातल्या अनेक गावांचं दुखणं असं की तिथे म्हातारी माणसं भरपूर आणि त्यांना उचलून बसवणारे हात मुंबईला. बायका पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला आणि संध्याकाळपर्यंत बदली बाई आली, ही पुण्याची चैन तिथे नाही. दवाखान्याचंही तसंच. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, पण दापोलीकराला रात्रीचं ते जवळ नाही. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण तर राज्याची हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीला नेतात. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावरच. त्यामुळे गावात हॉस्पिटल आहे का हे विचारून भागत नाही. रात्री दोनला स्कॅन काढणारा माणूस तिथे असतो का, हे विचारावं. तळेगावात स्टेशनजवळ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि पुढे पिंपरी-चिंचवड. या बाबतीत त्याच्यापुढे दापोली टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका काढली. जगातल्या ३३ शहरांतल्या लोकांशी बोलून ती बेतली होती. भारतातून नवी दिल्ली आणि उदयपूर. मोकळ्या जागा, वाहतूक, घरं, आरोग्यसेवा वगैरे आठ विषय त्यात आहेत. यादी चांगलीच आहे, पण ज्याला खुर्चीतून उठायलाच माणूस लागतो, त्याच्यासाठी क्रम बदलतो. बागेतला बाक मागे जातो आणि बसथांबा पुढे येतो, आणि तोही त्याच्यासाठी नव्हे, मावशीसाठी.

कायद्याकडून फार आशा ठेवू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट केली, पण तो प्रश्न निराधारांचा. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष आणले. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात धरायला दांड्या, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट. हे व्हायलाच हवं होतं, उशिरा का होईना झालं. मात्र त्याचा रोख बांधकामावर आहे. दार रुंद झालं, त्यातून व्हीलचेअर ढकलणारं कोण, ते करारात बघायचं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच मिळालं, तेही हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. चोवीस तासांच्या बाईचा पगार घरच्यांच्याच खिशातून जातो. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, त्या पैशात ती एक दिवसही थांबली तर उपकार.

भेटायला येणाऱ्यांचा विचार तर कुणीच करत नाही. मुलगा गाडी घेऊन महिन्यातून एकदा येतो. त्यापेक्षा जास्त वेळा यायला तयार असते ती अठ्ठ्याहत्तरची धाकटी बहीण किंवा शाळेतली जुनी सहकारी. त्यांच्यापाशी गाडी नसते, ॲपवरून टॅक्सी बोलवायची धास्ती असते. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट केली, त्याचा खरा लाभ मी इथे पाहिला आहे. स्टँडपासून रिक्षाने दहा मिनिटांत पोचता येईल अशा ठिकाणी डब्यातून वड्या घेऊन येणाऱ्या मावसबहिणी दिसतात. डोंगराच्या कुशीतल्या मोरवाल्या जागी अशी बहीण एकदा येते, पुन्हा येत नाही.

आणखी एक विचारपूस अवघड वाटली तरी करावीच. गावात घरी येणारा डॉक्टर आहे का? ताप, बद्धकोष्ठ, पाठीला पडलेल्या जखमा यांसाठी तो लागतोच. पण वृद्धाश्रमात माणूस पहाटे झोपेत गेला तर मृत्यूचं कारण लिहून देणारा, पेशंटला आधीपासून ओळखणारा डॉक्टर हाताशी हवा. नसेल तर मुलांना त्या अवस्थेत सरकारी दवाखाना, पोलीस चौकी असं फिरावं लागतं, काही वेळा शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाते. जुन्या गावांत असे फॅमिली डॉक्टर अजून आहेत. नव्या टाउनशिपमध्ये दुकान औषधांचं असतं, डॉक्टर व्हिडिओ कॉलवर.

वाईबद्दल थोडक्यात. जुनं मिशन हॉस्पिटल आहे, स्टँड गावातच, चालण्यापुरतं गाव आहे आणि कामाला बाई मिळते. मोठं काही झालं तर सातारा नाहीतर पुणे गाठायचं आणि रेल्वे नाही, ही तिची उणी बाजू.

तर ठाण्याच्या त्या मुलीला माझं उत्तर आहे तळेगाव, पण स्टेशनच्या बाजूचं. तिला तिथे रेल्वेने येता येईल आणि मावशीलाही घरी जाता येईल. चाकण रस्त्याला लागून असलेली जागा घेऊ नये, कंटेनरच्या वर्दळीत तो ओलांडणं तरण्याताठ्यांनाही जमत नाही. खोलीचं भाडं सगळ्यात शेवटी विचारा. आधी रात्रपाळीला किती बायका आणि किती रहिवासी, दिवाळीत बायका गावी गेल्या की बदली कोण, आणि आई उद्या अंथरुणाला खिळली तर ठेवून घेणार की 'घेऊन जा' म्हणणार, हे लेखी मागा. पुष्कळ ठिकाणी दाखल करताना 'स्वतःचं स्वतः करता येणारी व्यक्ती' अशी अट बारीक अक्षरात असते. ती दिसली तर पैसे भरू नका, वाईला एक चक्कर मारून या.