गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

जुन्या मोटारीत गिअर बदलताना होणारा ‘खर्रर्र’ असा आवाज तुम्ही ऐकला असेल. तो ऐकताच गाडीतला कोणी जाणकार लगेच म्हणतो, “गिअरबॉक्स गेला!” हे निदान पुष्कळदा घाईचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आवाज कशाचा ते पाहू. पुढे जाण्याच्या गिअरांची दंतचक्रे एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. गिअर टाकणे म्हणजे त्यांपैकी एका चक्राला चाकांकडे जाणाऱ्या दांड्याशी जखडणे. हे काम ‘स्लीव्ह’ नावाचे सरकते दातेरी कडे करते. समजा, इंजिनकडील दांडा मिनिटाला 3500 फेरे घेत आहे, पहिल्या गिअरचे प्रमाण 3.5 आहे आणि दुसऱ्याचे 2. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना चाकांकडचा दांडा 1000 फेरे घेईल. पण त्याच्यावरच मोकळे फिरणारे दुसऱ्या गिअरचे चक्र 1750 फेरे घेत असेल. इतक्या निराळ्या वेगांचे दात एकमेकांना भिडले, तर खरखर होणारच!

हा फरक मिटवण्यासाठी 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेशची योजना आली. तिच्या नंतर रूढ झालेल्या स्वरूपात एक पितळी कडी चक्राच्या शंकूवर घासते. घर्षणाने दोन्ही वेग सारखे होतात आणि तोवर कडी स्लीव्हला अडवून धरते. मात्र या चिमुकल्या कडीची ताकद ती किती! मोकळी चक्रे ती आवरू शकते. क्लच नीट सुटला नसेल, तर अख्खे इंजिन तिच्याविरुद्ध ओढत असते आणि कडी हरते. म्हणजे आवाज गिअरबॉक्समधून आला तरी दोष तिथेच असेल, असे नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. माझी जुनी गाडी गॅरेजात देताना मीच ऐटीत सांगितले, “गिअरबॉक्स गेलाय.” त्यांनी तो उतरवला, कड्या बदलल्या, बिल दिले. गाडी बाहेर काढताना रिव्हर्स टाकला, तर पुन्हा खर्रर्र! पुढे एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी विचारले, “सगळ्याच गिअरांना होतो की एकालाच? गाडी थंड असताना की तापल्यावरही? उभ्या गाडीत होतो का?”

या तीन प्रश्नांत भौतिकशास्त्र ठासून भरलेले आहे. एकाच गिअरला आवाज येत असेल, तर त्याच्या कडीवर संशय घ्यावा. फक्त थंडीत, सकाळी सकाळी येत असेल, तर दाट झालेल्या तेलाचा विचार करावा. चुकीचे तेल घातल्यास कडीला पुरेसे घर्षणच मिळत नाही, हेही होते. सगळ्यांनाच, विशेषतः उभ्या गाडीत रिव्हर्सला येत असेल, तर क्लचकडे वळावे. (जुन्या अॅम्बॅसेडरच्या पहिल्या गिअरला मुळात सिंक्रोमेशच नसे. तिथे घाई केली की आवाज ठरलेला. त्याला बिघाड म्हणू नये.)

मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. मग सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू केले, क्लच पूर्ण दाबला आणि चार-पाच सेकंद ते स्वस्थ बसले. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो. क्लच सुटला असेल, तर तेवढ्या वेळात आतील दांडा थांबतो आणि रिव्हर्स निमूट पडतो. आमचा खरखरला! त्यांनी बॉनेट उघडून क्लचच्या केबलचा ढिला नट काही फेरे आवळला आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. आवाज नाही. (तुम्ही मात्र शेजारी बसून नोंदी करा, पेडल मोठ्यांच्या पायाखालीच राहू द्या.)

पहिल्या गॅरेजला मी दोष देत नाही. गिऱ्हाइकानेच निकाल सांगितल्यावर चौकशी कोण करणार? ही सवय आम्हाला शाळेतच लागते. प्रयोगवहीत निष्कर्ष प्रयोगाआधीच ठरलेला असतो. उत्तर चुकले, तर शेजाऱ्याचे आकडे उतरवतात. शिक्षक बंधुभगिनींनो, भंगारातून एक गिअरबॉक्स आणा, धुऊन टेबलावर मांडा आणि मुलांना एक बिघाड सांगा: “तिसऱ्या गिअरलाच आवाज येतो, तापल्यावरही येतो.” पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या. वर्षातला एक तास यासाठी गेला, तर अभ्यासक्रम बुडणार नाही.

बदललेल्या जुन्या कड्या मी मागून घेतल्या होत्या. परवा एका नव्या कडीशेजारी ठेवून त्या भिंगातून पाहिल्या. आतल्या बारीक खाचा जवळजवळ तितक्याच धारदार आहेत.