प्रयोग : कर्तरी की कर्मणी?

गेल्या महिन्यात आमची नात शाळेतील विज्ञान-कार्यशाळेहून परतली, ती हाती एक चिमुकले यंत्र घेऊनच. तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याखाली लोहचुंबक आणि एक सेल. एवढ्या सामग्रीवर ते वेटोळे गरगर फिरे! तारेवरील रोगण एका टोकास सगळे, पण दुसऱ्या टोकास अर्धेच खरवडावे लागते. एरवी वेटोळे अर्ध्या फेऱ्यातच अडखळते. हे मर्म तिला तीनदा फसल्यावर उमगले होते.

दुसऱ्या दिवशी घरातील टेबलफॅन बंद पडला. नात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सरसावली, तोच तिची आजी उद्गारली, "अगं, ते मुलींचे काम नव्हे. दादाला येऊ दे." आम्ही शेजारीच बसलो होतो, आणि गप्प राहिलो.

ह्या मौनाचे कारण वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. शिक्षक असता प्रयोगशाळेत आम्हीही हेच केले. मुलांच्या हाती उपकरणे आणि मुलींच्या हाती वही. का, तर त्यांचे अक्षर सुरेख! व्याकरणाच्या तासाला कर्तरी व कर्मणी ह्यांतील भेद आम्ही घसा फोडून सांगत असू. विज्ञानाच्या तासाला मात्र मुलींच्या वाट्यास कर्मणी प्रयोगच आला. 'मुलींकडून प्रयोग पाहिला गेला', इतकेच.

कर्तृत्वास वाव मिळता काय घडते, ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. कै. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर रामन ह्यांनी नकार दिला. बाई हटल्या नाहीत. वर्षभर काम पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि ते काम पाहून रामन ह्यांचेच मत पालटले. पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करीत असता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, असे त्यांनी दाखविले व १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. बटाटा तोच, जो आपल्या मुली रोज चिरतात!

परंतु ही गोष्ट असामान्यांपुरतीच नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाचा शिक्षणक्रम पुढे खेडोपाडीच्या शाळांतही गेला. त्यात वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आहार ही कामे मुलगे व मुली दोघेही करतात. मुलगा स्वयंपाकास लाजत नाही, मुलगी ठिणगीस भीत नाही.

आमच्या माणच्या शिवारात आज संगणक-कंपन्यांच्या उंच इमारती आहेत. पिंपरी-चाकणकडे कारखान्यांची दाटी आहे. ह्या दाराशी आलेल्या विद्येकडे आपल्या मुलींनी केवळ गॅलरीतून पाहावयाचे काय? दोन दिवसांची कार्यशाळा जे पेरते, ते घरच्या एका वाक्याने करपते. म्हणून वडील मंडळींस विनंती इतकीच, की घरातील हत्यारांची पेटी मुलींसही खुली असावी, आणि एखादी वस्तू बिघडली तर तो शिक्षणाचा खर्च समजावा.

असो. त्या रात्री आम्ही नातवास थांबविले. सकाळी फॅनची पिन भिंतीतून काढून घेतली व नातीस म्हटले, "आता उघड." पिनेतील एक तार सुटली होती. तिने ती स्वहस्ते जोडली. त्या दुपारी त्या वाऱ्याखाली पहिली डुलकी कोणी घेतली, हे सांगितल्यास घरात आमची धडगत नाही!