नकोशा टपालाचे पथ्य

गेल्या पंधरवड्यात येरवड्यातील माझ्या दवाखान्यात एक निवृत्त प्राध्यापक आले. वय ७४, रक्तदाब कित्येक वर्षे एकाच गोळीवर आटोक्यात. त्या दिवशी मात्र वरचा आकडा १७८ होता आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. गोळी चुकली का, जेवणात मीठ वाढले का, अशी चौकशी करून झाल्यावर सर खालच्या आवाजात म्हणाले, "विद्यापीठाचा ई-मेल बंद होणार, चोवीस तासांत खात्री करा, असा निरोप आला होता. मी पासवर्ड भरून दिला." थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "घरी सांगितलेले नाही."

दुखणे तिथे होते.

न मागितलेल्या ई-टपालाचा इतिहास १९७८ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकेतील एका संगणक विक्रेत्याने काहीशे जणांना एकदम जाहिरात धाडली होती. आज विद्यापीठातील माणसे अशा टपालाचे सोपे लक्ष्य ठरतात, कारण त्यांचे पत्ते विभागाच्या पानावर आणि शोधनिबंधांवर उघड छापलेले असतात. काही पत्रे भीती घालतात, तर काही स्तुती करतात. 'आपला लेख आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हवा' असे लिहून नंतर शुल्क मागणारी पत्रे इतकी बोकाळली, की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी काढली. तिचे काम आपल्या पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते. ती यादी आता रद्द झाली आहे, मोहाची पत्रे मात्र येतच आहेत.

ज्येष्ठांनी काही पथ्ये पाळावीत. जे पत्र घाई करते, त्यावर प्रथम संशय घ्यावा. पाठवणाऱ्याचे नुसते नाव न पाहता पूर्ण पत्ता वाचावा. पत्रातील दुव्यावर बोट न ठेवता विभागाला स्वतः दूरध्वनी करावा. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नये. अनोळखी पत्राला 'पुन्हा पाठवू नका' असेही उत्तर देऊ नये. त्यातून आपला पत्ता चालू असल्याचे कळते. ते 'स्पॅम' म्हणून नोंदवावे. मधुमेह वा सांधेदुखी कायमची घालवण्याचे वचन देणारी औषधे तर मुळीच मागवू नयेत.

चूक झालीच, तर लगेच पासवर्ड बदलावा. तोच पासवर्ड इतरत्र वापरला असेल, तर तिथलाही बदलावा आणि संगणक विभागाला कळवावे. पैसे गेले असतील, तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ सांगावे. जितके लवकर सांगाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

आता घरातील मंडळींना दोन शब्द. "तुम्हांला कळत कसे नाही?" हे वाक्य कृपया गिळून टाका. एकदा फसणे हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण नव्हे, तरुणही फसतात. मात्र रागवाल, तर पुढची चूक लपवली जाईल आणि नुकसान वाढेल. हेही ध्यानात असावे, की पूर्वी चोख हिशेब ठेवणारी व्यक्ती वारंवार फसू लागली, बिले भरायला विसरू लागली किंवा एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारू लागली, तर तो स्मृतिविकाराचा आरंभ असू शकतो. अशा वेळी दटावणी उपयोगाची नाही, तपासणी करून घ्यावी.

सरांनी माझ्यासमोरच विभागात दूरध्वनी लावला आणि पासवर्ड बदलून घेतला. त्या रात्री त्यांनी पत्नीलाही सर्व सांगितले. आठवड्याने रक्तदाब १३६ भरला. गोळी तीच आहे, मात्राही तीच.